कुठली, ते तुम्ही सांगा

बसस्थानकावर त्यांना सगळे खिडकीबाई म्हणत. तिकिटांच्या खिडक्या संपल्या, पिण्याच्या पाण्याचे नळ ओलांडले, की कोपऱ्यात जाड काचेची एक खिडकी होती. वर पाटी होती, 'हरवले-सापडले', आणि काचेमागे बाई. त्यांच्या पाठीशी छतापर्यंत फळ्या होत्या. फळ्यांवर काय नव्हतं ते विचारा! छत्र्या, पिशव्या, डबे, एकेकटे बूट, लग्नाच्या फोटोंचा एक जाडजूड अल्बम, आणि काचेच्या ग्लासात ठेवलेली दातांची कवळी. बसमध्ये माणूस दात विसरून कसा उतरतो, हे कोडं बाईंना आजवर सुटलेलं नव्हतं. पण कवळीवाला येईल, याची त्यांना खात्री होती. येणारच. जेवायला बसला की आठवण होईलच ना!

या खिडकीवर त्यांच्या आधी एक जुने बाबू बसायचे. निवृत्त होताना त्यांनी किल्ल्यांबरोबर बाईंना एक नियम दिला. म्हणाले, "वस्तू कशी आहे, याबद्दल आपण तोंडातून अक्षर काढायचं नाही. आपण 'निळी पिशवी का?' म्हटलं, की समोरचा 'हो, निळीच' म्हणून मोकळा. ज्याची हरवली त्यालाच बोलू द्यायचं. आपण फक्त विचारायचं." बाईंनी हा नियम असा काही अंगात मुरवला की तो घरीसुद्धा सुटेना. नवरा शिंपी, बाहेरच्या खोलीत त्याचं मशीन. तिथून तो ओरडायचा, "अगं, भाजी कसली केलीस?" की आतून उत्तर, "तुम्हाला कसली हवी होती?" बिचारा कपाळाला हात लावायचा. म्हणायचा, "मी नवरा आहे गं तुझा. भाजीवर हक्क सांगायला आलेला चोर नाही."

असं सगळं मजेत चाललं होतं, आणि एक दिवस बस कंपनीचे साहेब नवी बातमी घेऊन खिडकीशी आले. गावाबाहेर मोठं बंदर झालं होतं, परदेशी प्रवासी येऊ लागले होते. तेव्हा जे जे खिडकीवर बसतात त्यांना इंग्रजी बोलता आलंच पाहिजे. महिनाअखेरीला तोंडी परीक्षा. पास झाला तो खिडकीवर राहील, नापास झाला तो टायरच्या गोदामात जाईल.

टायरचं गोदाम! पगार तोच मिळणार होता, सावलीही होती, पण तिथे माणूस नव्हता. इकडून तिकडे नुसते काळे टायर. आणि बाईंचा सगळा जीव कशात होता, तर वस्तू हातात घेतल्यावर माणसाचा चेहरा जो फुलतो ना, त्यात. दिवसातून एकदा जरी तो चेहरा बघायला मिळाला, की घरी जाताना बसमध्ये बसायला जागा नसली तरी त्यांना चालायचं. टायर सापडला म्हणून कोणी कधी रडलेलं ऐकलंय?

तसं इंग्रजी बाईंना अगदीच येत नव्हतं असं नाही. शब्द बक्कळ होते. दुखणं एकच होतं, ए, अॅन आणि द. हे तीन चिमुकले शब्द कुठे घालायचे याचा त्यांना पत्ता नव्हता, म्हणून त्या सरसकट 'द' घालायच्या, हात सैल सोडून मीठ घालावं तसा. साहेबांनी सहज म्हणून विचारलं, बाई, तुमच्या कामाबद्दल इंग्रजीत सांगा बरं. बाईंनी घसा साफ केला आणि सुटल्या, "आय सिट अॅट द विंडो अॅन्ड द पीपल कम अॅन्ड द पीपल लॉस्ट द अम्ब्रेला अॅन्ड द शू अॅन्ड द टीथ."

साहेब गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बाई, एवढे द कुठून आणलेत? बसमध्ये कोणी विसरून गेलं का?"

झालं. बाई तडक घरी येऊन नणंदेपुढे उभ्या राहिल्या. नणंद म्हणजे शिंप्याची धाकटी बहीण, माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायची आणि वरच्या मजल्यावर राहायची. जीभ अशी की दोरा न घालताच टाका मारील. पण वहिनीवर जीव होता, तो ती कोणाला दिसू द्यायची नाही एवढंच.

"वन्सं, मला आर्टिकलं शिकवा."

"वहिनी, तुला? आधी दादाला एकदा सरळ उत्तर द्यायला शीक."

तरी त्याच संध्याकाळी शिंप्याच्या कापायच्या टेबलावर शाळा भरली. कात्री, खडू, टेप बाजूला सारून नणंदेने व्याकरणाचं पुस्तक उघडलं. ए म्हणजे कुठलंही एक. द म्हणजे ठरावीक. पुढचा शब्द स्वराच्या उच्चाराने सुरू झाला की ए-चा अॅन होतो, म्हणून अॅन अम्ब्रेला. पण युनिफॉर्मला मात्र ए, कारण तिथे कानाला 'यु' ऐकू येतं. हे कानाचं काम बाईंनी पटकन उचललं. काचेपलीकडचं अर्धवट बोलणं ऐकून ऐकून कान तयार झालेले होते. अडलं ते पुढेच.

पुस्तकात वाक्य होतं, 'द काउ इज अ युजफुल अॅनिमल.'

"गाय कुठली?" बाईंनी विचारलं.

"कुठली म्हणजे? कुठलीच नाही. जगातल्या सगळ्या गायी."

"अहो, मग ठरावीक कुठे आहे? तुम्हीच म्हणालात ना, द म्हणजे ठरावीक?"

नणंदेने पान उलटलं. "परीक्षेत गाय येणार नाही. पुढे चल."

मशीनवर बसलेला शिंपी एवढा हसला की त्याची शिवण वाकडी गेली.

आठवडाभर असंच चाललं. बाई नियम पाठ करायच्या, आणि वाक्य बोलायला गेल्या की सगळे नियम एकदम दाराशी गर्दी करायचे, आत एकही यायचा नाही. एकदा तर त्यांनी पुस्तक मिटून सरळ सांगून टाकलं, "जाऊ दे वन्सं. माझ्या नशिबात टायरच आहेत." जाताना मात्र नणंद पुस्तक टेबलावरच ठेवून गेली.

आणि मग ती सकाळ उजाडली! खिडकीशी एक घामाघूम माणूस आला. म्हणाला, "बाई, छत्री हरवलीय हो एक."

बाई सवयीने म्हणाल्या, "कुठली, ते तुम्ही सांगा."

"काळी."

बाईंनी मागे वळून पाहिलं. फळीवर काळ्या छत्र्यांची रांगच होती. "पुढे सांगा."

"मूठ लाकडी आहे. आणि एक काडी मोडलेली, तिला मी तांब्याची तार गुंडाळलीय."

बाईंचा हात छत्र्यांवरून फिरत गेला आणि तारेवर थांबला. त्यांनी छत्री काढली आणि काचेखालून पुढे सरकवली. "हीच! अहो हीच ती!" माणूस ओरडला. आणि त्याच क्षणी बाई जागच्या जागी खिळल्या. आला तेव्हा तो काय म्हणाला? छत्री, एक. कुठलीही. मला माहीत नाही कुठली. अॅन अम्ब्रेला! मग त्याने मूठ सांगितली, तार सांगितली, आणि रांगेतली एकच उरली. त्यालाही माहीत, मलाही माहीत. द अम्ब्रेला! अरे देवा, हे तर मी रोज करते! फळीवर असते तेव्हा ए, काचेखालून जाते तेव्हा द!

"बाई, सही कुठे करू?" माणूस विचारत होता. बाईंनी त्याच्या हातात पेन दिलं आणि त्याच हाताने फोन उचलून शाळेत असलेल्या नणंदेला लावला.

"वन्सं! समजलं! ए आणि द माझ्या फळीवर आहेत!"

"वहिनी, मी वर्गात आहे."

"मग मुलांनाही सांगा! विचारायचं 'कुठली?' समोरच्याला उत्तर माहीत नसलं तर ए, दोघांनाही माहीत असलं तर द! सूर्य एकच, कोणी 'कुठला सूर्य' असं विचारत नाही, म्हणून द सन! बरोबर ना? बरोबर ना वन्सं?"

पलीकडून नणंद हळूच म्हणाली, "बरोबर. अगदी बरोबर. ठेव आता, सगळा वर्ग हसतोय." पण तिचाही आवाज हसत होता, हे बाईंच्या कानांनी टिपलं.

त्या दिवसापासून घरादाराची काही धडगत राहिली नाही. बाईंना जिकडे तिकडे आर्टिकलं दिसू लागली. जेवताना "पास मी अ स्पून", आणि चमचा हातात आला की "थँक यू फॉर द स्पून!" रस्त्यात कुत्रा दिसला की अ डॉग, तोच दुसऱ्या दिवशी दिसला की द डॉग, आणि मग त्याला बिस्किट, कारण आता ओळख झाली. भाजीवाला, शेजारीण, घरमालक, सगळ्यांची आळीपाळीने वर्णी लागली. शिंप्याने एकदा भीत भीत विचारलं, "आणि मी कोण? ए का द?"

बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "सध्या ए. वागणूक बघून द करीन."

"वहिनी, चुकलीस," दारातून नणंद म्हणाली. "माय हजबंड. माय आलं की आर्टिकलला सुट्टी."

"म्हणजे मला काहीच नाही?" शिंपी हवालदिल झाला. त्यावर तिघं इतकी हसली की शेजारच्या म्हातारबुवांनी काठीने भिंत ठोकली.

परीक्षेचा दिवस आला. बाई पहाटेच उठून बसल्या होत्या. नणंदेने शाळेतून अर्धा दिवस रजा काढली होती. विचारलं तर म्हणाली, "माझं डोकं दुखतंय." आणि डोकं दुखत असूनही बसस्थानकावर येऊन खिडकीच्या आत, बाईंच्या स्टुलावर बसली.

परीक्षा वरच्या मजल्यावर, साहेबांच्या शेजारच्या खोलीत होती. परीक्षक बाई बाहेरून आलेल्या, केस घट्ट बांधलेले, चष्मा नाकावर, एक शब्द आपल्या भाषेतला नाही. पुढे फोटोंचा गठ्ठा. पहिले प्रश्न सोपे होते, राहता कुठे, घरी कोण, काम काय. बाईंच्या तोंडून वाक्यं अशी निघत होती की त्यांचं त्यांनाच खरं वाटेना. "आय लिव्ह इन अ स्मॉल हाऊस. द हाऊस हॅज अ ग्रीन डोअर." परीक्षक बाईंनी मान डोलावली आणि काहीतरी टिपून घेतलं. बाईंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या.

मग परीक्षक बाईंनी गठ्ठ्यातला एक फोटो पुढे ठेवला. बागेतलं बाक. बाकावर तपकिरी पिशवी, तिची चेन तुटलेली. शेजारी टोपी. लांबवर एक माणूस आणि कुत्रा.

"प्लीज टेल मी व्हॉट यू सी."

बाईंनी फोटोकडे पाहिलं. पिशवी दिसली. तुटकी चेन दिसली. आणि त्यांचे ओठ आपोआप घट्ट मिटले. इतक्या वर्षांची सवय! पुढे पिशवी, समोर अनोळखी माणूस, आणि तो विचारतोय की काय काय आहे, सांग. बाईंनी फोटो हळूच उलटा केला, त्यावर तळहात ठेवला, आणि नम्रपणे विचारलं, "व्हॉट डिड यू लूज, मॅडम?"

परीक्षक बाई चपापल्या. "व्हॉट? नो, नो. द पिक्चर. टेल मी अबाउट द पिक्चर."

"येस. व्हेअर डिड यू लूज इट? ऑन विच बस?"

"आय डिड नॉट लूज एनीथिंग!" परीक्षक बाईंचा आवाज चढला. बाईंना अशी माणसंही ठाऊक होती, विचारलं की चिडणारी. त्या आणखी मऊ झाल्या. "व्हॉट इज द कलर, मॅडम?"

परीक्षक बाईंनी चष्मा काढला. पेन उचललं. कागदाकडे वळल्या. आणि तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेली. खिडकी गेली. एवढं शिकून, एवढं नाचून, ऐन वेळी तोंडाने दगा दिला. डोळ्यांपुढे टायरच टायर उभे राहिले.

पण माणूस बुडायला लागला की हातपाय मारतोच. बाई खुर्चीतून उठल्याच.

"मॅडम, वेट! सॉरी! प्लीज लिसन! आय हॅव अ विंडो. अ मॅन कम्स. ही सेज, आय लॉस्ट अ बॅग. आय हॅव मेनी बॅग्ज! इफ आय से, द ब्राऊन बॅग विथ द ब्रोकन चेन? ही सेज येस! एव्हरी थीफ सेज येस, मॅडम! सो आय डोन्ट टेल. आय ओन्ली आस्क. आय सॉ युअर बॅग, अॅन्ड माय माउथ क्लोज्ड!"

आणि धाप न टाकता त्यांनी फोटो सरळ केला आणि सुरू झाल्या. देअर इज अ बेंच, ऑन द बेंच देअर इज अ बॅग, द बॅग इज ब्राऊन, देअर इज अ हॅट, द हॅट इज ओल्ड, देअर इज अ मॅन विथ द डॉग, नो, नो, अ डॉग, आपली ओळख नाही अजून, अ डॉग! मधेच मराठी घुसलं ते त्यांना कळलंही नाही. द मॅन इज नॉट लुकिंग अॅट द बॅग, सो मेबी द बॅग इज नॉट हिज, सो समबडी इज क्राइंग समव्हेअर, मॅडम, प्लीज समबडी टेक द बॅग टू माय विंडो!

मग परीक्षक बाईंनी फोटोंच्या गठ्ठ्याशी काही संबंध नसलेला एक प्रश्न विचारला, "हाऊ लाँग डू यू कीप अ थिंग?"

"द कंपनी सेज वन इयर," बाई म्हणाल्या. "बट आय वेट एव्हरी डे."

"थँक यू. यू मे गो."

बाई जिना उतरून खाली आल्या तेव्हा त्यांचं तोंड बघूनच नणंदेने स्टूल मोकळं केलं. बाईंनी सगळं सांगितलं, फोटो उलटा केला तेही. नणंद एरवी हसून हसून मेली असती. आज तिने नुसता वहिनीचा हात धरला. "दुसरी परीक्षा असते," ती म्हणाली. "मी विचारून घेते साहेबांना. तू रडू नकोस. रांग उभी आहे बाहेर."

खरंच रांग होती. बाईंनी डोळे पुसले आणि काम सुरू केलं. एका मुलीचा डबा निघाला, एका काकांचा मफलर निघाला. तिसऱ्या माणसामागे उभ्या होत्या परीक्षक बाई.

त्या काचेशी आल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "तुमचे मार्क वर साहेबांकडे देऊन आले. मुद्दाम आधी देऊन आले. तुम्ही पास आहात. खिडकी तुमचीच."

बाईंनी जी किंकाळी फोडली, ती पार शेवटच्या फलाटावरच्या ड्रायव्हरने ऐकली. त्यांनी नणंदेला मिठी मारली. नणंदेने बजावलं, "सोड, सोड, माझा चष्मा मोडेल," आणि स्वतःच सोडलं नाही. रांगेतल्या लोकांना काय झालंय ते कळलं नव्हतं, तरी दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

परीक्षक बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. काचेच्या कडेवर बोटं ठेवून उभ्या होत्या.

"माझं एक काम आहे," त्या म्हणाल्या. "काठी हरवलीय. मागच्या हिवाळ्यात. काठी कोण ठेवणार म्हणून मी कधी विचारायलाच आले नाही."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू पुसल्यासारखं गेलं. पाठीमागच्या काठ्यांच्या कोपऱ्यात त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"कुठली, ते तुम्ही सांगा."

"साधीच. चालायची काठी."

"साध्या काठ्या माझ्याकडे बऱ्याच आहेत, मॅडम. तुमची सांगा."

परीक्षक बाई बोलायला गेल्या आणि अडखळल्या. सकाळपासून दुसऱ्यांना बोलतं करणारी बाई, तिला शब्द सापडेनात. "माझी नाही. आईची. बुटकी आहे, आई बुटकी होती. आणि मुठीला..." त्या थांबल्या. "मुठीला लोकर गुंडाळलीय, जांभळी. हात गारठायचा तिचा. मीच गुंडाळली होती, टोक नीट बसलं नाही, तर ती ते सारखं अंगठ्याने आत दाबायची. शेवटपर्यंत दाबायची."

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. कोपऱ्यात गेल्या, इतर काठ्या बाजूला केल्या, एक काढली आणि दार उघडून बाहेर आल्या. काचेखालून ती मावली नसती म्हणून नव्हे. ही हातातच द्यायची होती.

परीक्षक बाईंनी मूठ धरली. लोकरीचं सुटलेलं टोक अंगठ्याखाली आलं आणि त्यांनी ते आत दाबलं. "हीच," त्या म्हणाल्या, इतक्या हळू की फक्त बाईंनाच ऐकू आलं. मग त्या फलाटाकडे निघाल्या. काठी त्यांना फारच बुटकी होती, तरी ती टेकता यावी म्हणून त्या वाकून, अगदी सावकाश चालत गेल्या.